उचलता येईल असा गालिचा

हे कोणाला पटणार नाही, आणि मी सांगतोय म्हटल्यावर तर मुळीच पटणार नाही, पण बारा बाय पंधराच्या एका तळघरासाठी मी एका दुकानदाराला एका दुपारीत एकशे अठरा गालिचे उलगडायला लावले होते, आणि एकशे एकोणिसावा त्याच्या बायकोच्या माहेरून मागवायला लावला होता.

"मागच्या वर्षी सांगितलं तेव्हा अठ्ठ्याहत्तर होते, काकाजी," उमाळे म्हणाला.

"मागच्या वर्षी तू मधेच उठून गेलास. बाकीचे तू गेल्यावर उलगडले."

उमाळे म्हणजे माझा शेजारी, निवृत्त तलाठी. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्यामुळे त्याला कुठलीही गोष्ट मोजून घ्यायची खोड आहे. त्याच्या बाजूला, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, शोभाताई बसल्या होत्या. त्यांची नात माझ्या मुलीकडे गाणं शिकते. गच्चीवर आमच्या गालिच्याचे तुकडे उन्हात टाकलेले होते. अखंड गालिचा नव्हे. हात-दीड हाताचे चौकोनी तुकडे, खाली रबर, वर करड्या रंगाची लव. एकूण सदुसष्ट. माझी मुलगी ज्योत्स्ना एकेक तुकडा पुढ्यात ओढून कडक ब्रशनं झाडत होती. तिचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. माझ्या गोष्टींकडे लक्ष न द्यायची तिला लहानपणापासून सवय आहे.

"पण काकाजी, तळघरात गालिचा लागलाच काऊन?" शोभाताईंनी विचारलं. "लोक तळघरात पोती ठेवतात."

मग मला पहिल्यापासून सांगावं लागलं.

मी घर बांधलं तेव्हा अख्ख्या अमरावतीत लोक छतावर चुना मारत होते, खिडकीला कूलर लावत होते. मी म्हटलं, वर काय उपाय करता, खाली जा. खणायला लावलं. खणता खणता दहा फुटांवर गवंड्याला हुडहुडी भरली, तिथं थांबलो. खाली पांढऱ्या, गुळगुळीत टाइल बसवल्या. मे महिन्यात बाहेर डांबर पातळ व्हायचं आणि आमच्या तळघरात मी उघड्या टाइलवर पाठ टेकून चादर मागायचो.

"हे खरं आहे," उमाळे म्हणाला. "मी पण झोपलो आहे तिथं."

"झोपला होतास? तुझ्या घोरण्याचा आवाज दिवाळीपर्यंत खोलीत होता."

कारण तीच तर त्या खोलीची अडचण होती. चारी भिंती कोऱ्या, खाली टाइल, सामान काही नाही. सकाळी सहाला खोकलो तर तो खोकला मला चहाच्या वेळेला परत मिळायचा. एकदा एक मांजर चुकून आत शिरलं आणि एकदाच म्यांव म्हणालं. उलट आलेलं ते म्यांव ऐकून जे पळालं, ते बडनेऱ्याला सापडलं.

"काहीही, बाप्पा!" शोभाताई पदरात तोंड लपवून हसल्या.

मांजराचं सोडा. पण ज्योत्स्नाची गोष्ट मांजरासारखी सोडता येत नव्हती.

सतरा वर्षांपूर्वीच्या श्रावणात ती नागपूरहून आली. एक बॅग आणि तंबोरा. "आठ दिवस राहते," असं आईला म्हणाली. आई म्हणजे माझी बायको, मंदा. तिला जाऊन यंदा सहा वर्षं झाली. आठ दिवसांचे पंधरा झाले, पंधराचा महिना झाला. मग एक दिवस ज्योत्स्नानं आपली गादी उचलली आणि तळघरात नेऊन टाकली. का ते तिनं सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. दोन दिवसांनी मी जिन्यात उभा होतो आणि खालून 'सा' ऐकू आला. अकरा वर्षांनी. लग्नानंतर तिनं गाणं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. सासरी मनाई नव्हती म्हणे, फक्त वेळ मिळत नव्हता.

तंबोऱ्याच्या भोपळ्याला मोठी चीर होती. वरून बँडेजची चिकटपट्टी लावली होती, माणसाच्या डोक्याला लावतात तशी.

"एसटीत पडला," ती म्हणाली.

मी तीस वर्षं एसटी स्टँडवर कंट्रोलर होतो. माईकवरून गाड्या येणार आहेत असं सांगायचो. त्यातल्या काही यायच्यासुद्धा. एसटीत सामान कसं पडतं, कुठून पडतं आणि पडल्यावर कुठं फुटतं, हे मला कळतं. ती चीर वरून पडल्याची नव्हती. मंदानं त्या चिरेवरून एकदा बोट फिरवलं आणि स्वयंपाकघरात गेली. मी काय केलं? मी कॉलनीत ती गोष्ट रंगवून सांगितली. माझ्या सांगण्यात तळेगावच्या पुढे गाडीला बिबट्या आडवा आला होता, ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला होता आणि तंबोरा मागच्या सीटवरून थेट कंडक्टरच्या मांडीवर गेला होता.

"मला आठवते तो बिबट्या," उमाळे म्हणाला. "पेपरात काऊन नाही आला, म्हणून मी विचारलंही होतं."

"आणि जावई?" शोभाताई म्हणाल्या. "ते तं मस्कतला होते ना तेव्हा?"

जावई नागपूरलाच होते, मोटारीच्या स्पेअर पार्टच्या आपल्या दुकानात. मस्कतला त्यांना मी पाठवलं होतं. कंपनीचं काम, दोन वर्षांचा करार, बायकांना न्यायची परवानगी नाही. कॉलनीत कोणी विचारलं, मुलगी इतके दिवस माहेरी कशी, की मी मस्कतचं हवामान सांगायला लागायचो.

"आम्ही तुम्हाला खजूर मागितले होते," उमाळे म्हणाला.

"मी आणून दिले होते."

"मस्कतचे म्हणून दिले होते!"

"इथल्याच इतवारा बाजारातले होते. गोड निघाले की नाही?"

उमाळेनं पोटावरून हात फिरवला. सतरा वर्षांनी त्याला ते खजूर बाधले असावेत.

तर त्या भाद्रपदात दोन गोष्टी एकदम झाल्या. कॉलनीतल्या चार मुलींच्या आया ज्योत्स्नाला येऊन म्हणाल्या, आमच्या पोरींना शिकव. आणि नागपूरहून जावयांचा फोन आला. मीच उचलला. ते म्हणाले, झालं ते झालं, दसऱ्याला न्यायला येतो. मी 'या' म्हणालो. इतकंच. मुलीला विचारलं नाही, बायकोला विचारलं नाही. 'या' म्हणून फोन ठेवला आणि वळलो, तर जिन्याच्या तोंडाशी ज्योत्स्ना उभी होती.

ती एवढंच म्हणाली, "बाबा, खाली आवाज फार घुमतो. मी पुढचा सूर लावते तर आधीचा अजून खोलीतच असतो. मुली घाबरतील. गालिचा टाकू या."

मला बरं वाटलं. गालिच्याचं बोलायचं म्हणजे दुसरं काही बोलायला नको.

आम्ही तिघं फिदाहुसेनभाईंच्या दुकानात गेलो. तेव्हा गावात गालिचा म्हटलं की तेच. पांढरी दाढी, सोनेरी काठाची टोपी, बसायला खुर्ची नाही. गालिच्याच्या आडव्या टाकलेल्या गुंडाळीवर घोड्यावर बसावं तसे बसायचे. दुकानाची पुढची बाजू सगळी काचेची, आत जमिनीपासून छतापर्यंत गुंडाळ्या.

भाईंनी रंग विचारला नाही, किंमत सांगितली नाही. पहिला प्रश्न, "खाली काय आहे?"

"टाइल," मी म्हणालो.

"टाइलच्या खाली?"

"जमीन. तळघर आहे ना."

"मग ओल असेल."

"ओल? आमच्याकडे? भाई, जैसलमेर समजा! उंट सोडला तर तो पाणी मागेल."

"अहो," मंदा म्हणाली, "मागच्या पावसाळ्यात पापडाचा डबा खाली ठेवला होता, त्यातल्या पापडांना मिशा फुटल्या." मग भाईंकडे वळून, "ओल आहे. आषाढापासून तीन-साडेतीन महिने."

भाई हसले. म्हणाले, "वहिनींचं ऐकू की साहेबांचं? असं करा. प्लास्टिकचा एक कागद घ्या, चारी बाजूंनी पट्टी लावून टाइलवर चिकटवा. एक दिवस ठेवा. दुसऱ्या दिवशी खालून थेंब धरले तर घर वहिनींचं, नाही धरले तर साहेबांचं."

"वहिनींचंच निघेल," मी म्हणालो. "दाखवा."

आणि मग त्यांनी ते एकशे अठरा...

"अठ्ठ्याहत्तर," उमाळे.

बरं, अठ्ठ्याहत्तर. ज्योत्स्नानं चपला काढल्या आणि एकेकावर अनवाणी उभी राहत गेली. दोन पावलं पुढे, दोन मागे. मग थांबून अगदी हलक्या आवाजात सूर लावायची, ओठ मिटून, शेजारच्यालाही ऐकू जाणार नाही असा. भाई तिच्याकडे बघत राहिले. पायानं गालिचा निवडणारी गिऱ्हाइकं त्यांनी पाहिली होती. कानानं निवडणारं पहिलंच होतं.

"इथं आवाज छान बसतो," ती म्हणाली. "येतो आणि बसतो. फिरत नाही."

तिनं निवडला तो अखंड गालिचा होता, तपकिरी, जाड. "हा. भिंतीपासून भिंतीपर्यंत. खालून चिकटवून द्या, पक्का."

"चिकटवायचा नाही," मी म्हणालो. "उचलता येईल असा पाहिजे."

"चिकटवलेला सरकत नाही, बाबा. मुली बसणार, उठणार."

"उन्हाळ्यात टाइल उघडी लागते. पावसाळ्यात ओल येते. चिकटवला तर खालून कुजेल, वास मारेल, खरवडून काढावा लागेल. उचलता येईल असाच."

आयुष्यात पहिल्यांदा मी सगळी खरी कारणं देत होतो आणि त्यातलं एकही माझं कारण नव्हतं. दसऱ्याला पाच आठवडे उरले होते. ज्योत्स्ना माझ्याकडे बघत होती. तिला ते माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हे मला माहीत होतं. मंदा एका गुंडाळीचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत होती.

"बेटी म्हणते चिकटवा, साहेब म्हणतात उचला," भाई म्हणाले. "साहेबांचं बरोबर आहे, तळघरात मी पण चिकटवू देणार नाही." त्यांनी कोपऱ्यातून एक चौकोनी तुकडा आणून ज्योत्स्नाच्या पायापाशी टाकला. करडा, खाली रबर. "हे बघा. एकाला एक खेटून लावायचे. स्वतःच्या वजनानं बसतात, फक्त कडेच्या ओळीला पट्टी. पाहिजे तेव्हा काढा, धुवा, एक खराब झाला तर एक बदला."

ज्योत्स्नानं त्यावर पाय ठेवला नाही.

"बरं, वापरायचा किती दिवस?" भाईंनी विचारलं. सरळ प्रश्न होता. गालिचा विकणारा माणूस तो विचारणारच. त्यावर त्याची जाडी ठरते.

आणि मी, सवयीनं, तोंड उघडलं. "त्याचं काय आहे भाई, जावई मस्कतला असतात. दसऱ्याला येतायत हिला न्यायला. तेवढेच दिवस."

"मग घेता कशाला?" भाई म्हणाले. त्यांनी तो तुकडा उचलून परत गठ्ठ्यावर ठेवला. "पाच आठवड्यांसाठी कोणी गालिचा घेतं? मंडपवाल्याकडून भाड्यानं आणा. जाताना तो घेऊन जाईल."

गच्चीवर शोभाताईंचं हसू मावळलं होतं. मी थोडा थांबलो. गोष्ट सांगताना कुठं थांबायचं ते मला माईकनं शिकवलं आहे.

"मग?" उमाळे म्हणाला.

मग ज्योत्स्ना बोलली. भाईंशी. माझ्याशी नाही.

"भाई, ते मस्कतला नाहीत. नागपूरला आहेत. आणि तंबोरा एसटीत पडलेला नाही. मी परत जाणार नाहीये."

त्या दुकानात इतके गालिचे होते की तिचा शब्द कुठं आपटला नाही. घुमला नाही, परत आला नाही. जिथं म्हटला तिथंच राहिला. भाईंनी टोपी सारखी केली. त्यांच्या दुकानात माणसं रंगावरून भांडायची, मापावरून भांडायची. हे त्यांच्या मालात बसणारं नव्हतं. ते खाली बघत राहिले. ज्योत्स्नाच्या पायांची बोटं गालिच्यात रुतली होती. अनवाणी होती ना, दिसत होतं.

मी उठलो.

"शाब्बास," उमाळे पुटपुटला.

मी उठलो आणि भाईंनी गठ्ठ्यावर ठेवलेला तो करडा तुकडा परत काढला. उलटा केला, रबर दाबून पाहिलं, वास घेतला. म्हटलं, "भाई, हाच द्या. उचलता येणाराच. दरवर्षी होळी झाली की काढू, उन्हाळाभर टाइल मोकळी राहील. पावसाळ्यात वर माळ्यावर ठेवू. पाऊस गेला की गच्चीवर दोन दिवस ऊन देऊ आणि परत अंथरू. दरवर्षी. असा वापरला तर टिकेल किती?"

भाई म्हणाले, "दरवर्षी काढला, दरवर्षी घातला, नीट सांभाळला... तर पंधरा वर्षं."

मग मी ज्योत्स्नाकडे वळलो. आणि विचारलं, "पंधरा वर्षं पुरतील का ग? की आणखी टिकणारा बघू?"

पाच आठवडे म्हणून जिला भाड्याच्या गालिच्यावर बसवायला निघाले होते, तिला कोणीतरी पंधरा वर्षं कमी पडतील का, असं विचारत होतं. तिनं उजवा पाय उचलला आणि त्या तुकड्यावर ठेवला. मग डावा. "सध्या पुरतील," ती म्हणाली.

"आणि फिदाहुसेनभाईंचं सांगतो तुम्हाला," मी गच्चीवर आवाज थोडा चढवला, "त्या माणसानं टोपी काढून डोळ्याला लावली. मंदा तर रडलीच. घरी येईपर्यंत एकच म्हणत होती, आज तुम्ही शोभलात."

उमाळेनं मोजण्यासारखं काही काढलं नाही. खाली मान घालून समोरच्या तुकड्याची कड सरळ करत बसला. शोभाताईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "काकाजी, तुम्ही उगीच थापा मारता. असं काही खरं सांगत जा ना. बाप असावा तं असा."

"असतो कधी कधी," मी म्हणालो.

ब्रशचा आवाज थांबला होता. केव्हा थांबला ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. ज्योत्स्ना तुकडा मांडीवर घेऊन आमच्याकडे बघत होती. अठ्ठेचाळीस वर्षांची आहे आता. केसांवर गालिच्याची धूळ बसलेली, त्यामुळे आणखी मोठी दिसत होती.

"बाबा," ती म्हणाली.

"काय ग?"

"पंधरा वर्षांचं आईनं विचारलं."

तिचा आवाज चढलेला नव्हता. गाणाऱ्या माणसाला चढवावा लागत नाही.

"तुकडा आईनं उचलला. होळीला काढू, पावसानंतर घालू, ते सगळं आई बोलली. आणि रडली नाही ती, भाव कमी करून घेत होती." तिनं मांडीवरचा तुकडा उन्हात ठेवला, दुसरा ओढला. "तुम्ही उठलात एवढं खरं आहे, बाबा. उठून बाहेर गेलात आणि स्कूटर पुसत उभे राहिलात. मला काचेतून दिसत होतं."